न चावणारे बूट

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत मला एकदाही बूट चावला नव्हता, आणि ही गोष्ट मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. ऑफिसात कुणी नव्या चपलेने लंगडायला लागला, की मी मोजा काढून माझी गुळगुळीत टाच खुर्चीवर ठेवायचो आणि म्हणायचो, "चालायचीही एक पद्धत असते." लोक ऐकून घेत. मी धुळ्याच्या पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो आणि त्यांचे रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जात.

खरं कारण वेगळं होतं. ते दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात टायरच्या चपला घालून फिरत होतं. ते कारण म्हणजे माझा थोरला भाऊ चुडामण. मी त्याला नाना म्हणतो.

आमच्याकडे नवा जोडा कुणी सरळ पायात घालत नसे. तो आधी आठवडाभर तेल पिई. मग घरातल्या निबर पायाच्या माणसाने तो दहा-बारा दिवस वापरायचा, काय चावायचं ते त्याला चावून घेऊ द्यायचं, आणि रुळला की ज्याचा त्याला द्यायचा. आमच्या घरात निबर पाय नानाचे, हे मी पाचवीत गेलो तेव्हा ठरलं. नाना माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याची शाळा सुटली होती आणि माझी दोंडाईच्याच्या हायस्कुलात सुरू व्हायची होती. जोडे शिवणारे आधारबाबा माप घ्यायला आले, तर वडिलांनी माझ्याऐवजी नानाचा पाय पुढे करायला लावला, म्हणजे मला तीन वर्षं पुरतील. नानाने ते बारा दिवस घातले, पुढच्या पोकळीत मूठभर कापूस कोंबला आणि मला दिले. मी ऐटीत शाळेत गेलो. नाना आठवडाभर टाचा उचलून चालत होता.

पुढे मॅट्रिकचे, मुलाखतीचे, लग्नाचे, सगळे जोडे असेच आले. माझ्या लग्नाच्या फोटोत नाना अनवाणी उभा आहे. पाहुण्यांना मी पंचवीस वर्षं सांगत आलो, की नानाला फोटोबिटोचं काही कळत नाही. माझ्या काळ्या बुटांनी त्याच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर माझ्या चालण्याच्या पद्धतीला कुणी विचारलं नसतं.

आणि हा माणूस माझ्याकडून कधी काही घेणार नाही. मी पंखा नेला, तो पुढच्या एस.टी.ने परत आला. स्वेटर नेला, तोही धुऊन, घडी घालून, सोबत शेंगांची पिशवी घेऊन परत आला. थोरल्याने द्यायचं आणि धाकट्याने घ्यायचं, एवढंच त्याला माहीत.

त्र्याण्णव साली होळीला बडोद्याहून जावई आले. त्यांना कंपनीने परदेशी पाठवलं होतं आणि तिकडून त्यांनी माझ्यासाठी डोंगर चढायचे बूट आणले. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. ऑफिसातली पाच-सहा मंडळी दर रविवारी लळिंगच्या किल्ल्यावर जाऊ लागली होती, आणि मी त्यांना पायथ्याशी बसून मार्गदर्शन करत असे. बूट करडे, जाळीदार, आणि हातात घेतले तर खोका रिकामा आहे की काय असं वाटावं इतके हलके. मी ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन तागडीत टाकले. जोडी पाऊण किलोच्या आत भरली. दुकानदार म्हणाला, "साहेब, आपल्याकडचं भरताचं वांगं याच्यापेक्षा जड भरतं."

खोक्यात इंग्रजी पत्रक होतं. जावयांनी अर्थ सांगितला, की पायाला हवा लागते, तळवा दगडावर घसरत नाही, आणि पहिल्या दिवसापासून आराम. शेवटचं वाक्य ऐकून मी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पहिल्या दिवसापासून आराम देणारा जोडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणजे पाहिले होते ते सगळेच तसले होते, पण माझा पहिला दिवस नानाच्या बाराव्या दिवसानंतर येत असे. ऑफिसात मी बुटांचं इतकं वर्णन केलं की लोक अर्ज घेऊन यायला घाबरू लागले. आणि शनिवारी बूट पिशवीत घालून मी गावी गेलो.

नानाने बूट हातात घेतले, उलटे केले, जाळीला डोळा लावून आरपार पाहिलं आणि आमच्या अहिराणीत, जिच्यात 'आहेत'ला 'शेत' म्हणतात, विचारलं,

"कातडं कोठे शे रे पुना?"

"कातडं नही, नाना. हाई नवीन तऱ्हा शे."

"आनि ह्या भोकं?"

"हवा जावासाठे."

नानाने दोन्ही बूट तळहातांवर तोलले आणि म्हणाला, "हलका शेत. पन हलका जोडा जास्ती चावस."

भागावहिनी ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होती. ती म्हणाली, "तेल पाजनं पडी का?" पत्रकात तेलाबद्दल अक्षरही नव्हतं. मला वाटलं, छापायचं राहून गेलं असेल. मी चौदावीपर्यंत शिकलेला माणूस, मीच म्हणालो, "पाजी द्या थोडं." तिळाचं तेल एका बाजूने घातलं, ते जाळीतून दुसऱ्या बाजूने निघून गेलं आणि कुत्र्याने ओटा चाटून काढला. वहिनीने नंतर ते बूट तीनदा सोड्याने धुतले असं कळलं. तोवर मी धुळ्याला पोचलो होतो.

आमच्या गावचा चिंधा दर आठवड्याला मिरच्या घेऊन धुळ्याला येई. त्याच्याकडून निरोप येत. पहिल्या आठवड्यात आला, "नानानी सांगेल शे, आजून चावना नहीत." दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात चिंधा म्हणाला, "नाना म्हनस, दबा धरी बठेल शेत. घाई नको करू."

इकडे लळिंगची मंडळी दर सोमवारी बुटांची चौकशी करत. हिलाल नावाचा एक क्लार्क होता, त्याचा अर्ज मी एकदा परत पाठवला होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, बूट आखाजीला माहेरी गेलेत का?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. ऑफिस हसलं. मीही हसलो आणि घरी येऊन बायकोवर, प्रमिलावर, चिडलो.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्या मनात फार हलका विचार आला. नानाला बूट आवडलेत, आता तो द्यायचा नाही, चावत नाहीत हे निमित्त आहे. पंखा परत करणाऱ्या माणसाबद्दल मी हे ठरवलं. प्रमिलाला बोलूनही दाखवलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग जाऊन मागून आणा. तुम्हाला मागायची सवय आहेच."

आखाजीनंतरच्या मंगळवारी मी न कळवता गेलो. एस.टी. फाट्यावर सोडते आणि तिथून गाव चार किलोमीटर. उतरलो तर पुढे दोनशे पावलांवर नाना चालला होता, खांद्यावर सरकीच्या पेंडीचं पोतं. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

नानाचं चालणं मला पाठ होतं. टाचांना भेगा, त्यामुळे तो पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत, थोडा वाकून, जपून पाऊल टाकत असे. मला वाटायचं, वय झालं. आज पाहतो तर तो ताठ. पोतं खांद्यावर असून पाऊल सरळ पडत होतं. रस्त्यावर खडी टाकलेली, पण त्याने खाली एकदाही पाहिलं नाही. मी मागे मागे निघालो. पाव मैलात मला धाप लागली. अंतर दोनशेचं तीनशे पावलं झालं, आणि मी माझ्याच बुटांच्या मागे रुमालाने मान पुसत पळत होतो.

त्याला मी गाठलं ते थेट शेतात. पोतं उतरवून तो विहिरीच्या काठावर बसला, बूट काढले, उपरण्याने पुसले, सावलीतल्या दगडावर जोडीने ठेवले आणि अनवाणी वाफ्यात शिरला.

"नाना, शेतमा कसाले घालस नही?"

त्याने वळून पाहिलं. मी अचानक आल्याचं त्याला नवल वाटलं नाही. "बूट तुना शेत. चिखलमा कसा घालू?"

"मंग माले देत का नहीस? दीड महिना व्हयना."

"चावना नहीत ना आजून." तो काठावर येऊन बसला. "रोज घालस. दोंडाईचाले जास, येस. आते चावतीन, मंग चावतीन. नहीच. असा जोडा तुले देवू, आनि तठे डोंगरवर चावना तं? तू काय करशीन? तुना पाय नाजूक शेत."

"नाना, ह्या चावनारा नहीतच. कंपनीनं लिखेल शे."

नाना हसला. "कंपनीले काय म्हाईत? तुना एक जोडा माले चावना बिगर गया नही." आणि त्याने पाय पुढे केला. टाचेच्या वर, घोट्याच्या मागे, पांढऱ्या खुणा होत्या. इतकी वर्षं त्या मला भेगाच वाटत होत्या. तो बोट ठेवून दाखवू लागला. ही मॅट्रिकची. ही मुलाखतीची, ती पिकली होती. ही दोन्ही पायांची लग्नाची. सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता, की मला तिथे बसवेना. माझी सगळी हुशारी, माझी नोकरी, माझी चालण्याची पद्धत त्या दोन टाचांवर नोंदलेली होती आणि मी बूट वसूल करायला आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायला एक्कावन्न वर्षं लागली याची आणखी लाज वाटली.

लाज वाटली की माणूस घाई करतो. मी म्हणालो, "नाना, ह्या बूट तूच ठेव."

त्याचा चेहरा मिटला. तो उठला, बूट उपरण्यात बांधले आणि गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "माले कसाले? मना टायरना चांगला शेत." मग मला वाईट वाटू नये म्हणून की काय, पुढे म्हणाला, "लेई जा. पन चावनात तं सांग. लाजू नको."

त्या रविवारी मी लळिंग चढलो. पायथ्याचा मार्गदर्शक सगळ्यांच्या आधी वर पोचला. बूट पायात आहेत हे कळत नव्हतं. घसरड्या मुरमावर तळवा धरून ठेवत होता, उतरताना बोटं पुढे आपटत नव्हती, आणि उन्हात तिळाच्या तेलाचा बारीक वास येत होता. हिलालसुद्धा म्हणाला, "साहेब, बूट भारी आहेत." एरवी मी या वाक्यावर महिना काढला असता. पण मला दर पावलाला फाट्यावरचा तो ताठ माणूस दिसत होता, आणि आता तो पुन्हा टायरच्या चपलांवर वाकून चालत असेल हे कळत होतं. देऊ केले तर तो घेणार नाही. चावले म्हणून सांगितलं तरच घेईल. आणि नाना टाच पाहिल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

म्हणजे मला बूट चावून घेणं आलं. हे सोपं असेल असं मला वाटलं होतं. मोज्याशिवाय घालून मी तीन दिवस देवपूर ते स्टँड चाललो, काही नाही. ओले करून घातले, पायाला गार वाटलं. टाचेपाशी खडा ठेवला, तो सरकून तळव्याखाली गेला आणि तळवा काळानिळा झाला. प्रमिला म्हणाली, "लोक आरामासाठी बूट घेतात."

शेवटी मी आग्रा रोडवरच्या एका दुकानात गेलो आणि सांगितलं, "आठ नंबरमध्ये सगळ्यात जास्त चावणारा बूट दाखवा." दुकानदार दुखावला. "आमच्याकडे चावणारा माल नसतो." मी त्याची समजूत काढली. मग त्याने वरच्या फळीवरून रखवालदारांसाठी आणलेले जाड काळे बूट काढले. ते टेबलावर ठेवले तेव्हा काच हलली. "हे घ्या," तो म्हणाला, "पण परत आणू नका."

शनिवारी फाट्यावर उतरून मी मोजे काढले आणि रखवालदाराचे बूट चढवले. हलके बूट पिशवीत. पहिला अर्धा किलोमीटर मला गंमत वाटली. दुसऱ्या किलोमीटरला टाचांत कुणी कानस घासतंय असं झालं. तिसऱ्याला मी रस्त्याच्या कडेला उभा राहून एकटाच शिव्या देत होतो, आणि त्यातल्या बऱ्याच मला नानाने शिकवलेल्या होत्या. बारा दिवस. तो हे बारा दिवस करायचा, दर जोड्याला, आणि संध्याकाळी विचारायचा, पुनाचा अभ्यास झाला का. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते टाचांमुळे आलं असं मी तेव्हा ठरवलं.

गावाच्या अलीकडे आमचाच मळा. बांधावर कपाशीच्या पळाट्या सरपणासाठी रचल्या होत्या. त्यात ते काळे बूट खोल खुपसले आणि हलके बूट पायात चढवले. लंगडण्याचं नाटक करायचं म्हणून मी वाटेत सराव करायचंही ठरवलं होतं. त्याची काही गरज पडली नाही.

नाना ओट्यावर होता. त्याने मला दुरूनच पाहिलं आणि धावत आला. खाटेवर बसवलं, बूट काढले. दोन्ही टाचांचे फोड फुटून लाल झाले होते. नानाने टाचा जवळून पाहिल्या. मग त्याने एक बूट उचलून जमिनीवर आपटला.

"मी सांगे नही? दबा धरी बठेल व्हतात. मना पायमा गरीब, आनि तुले एकलाले धरं."

वहिनीने हळद-तेल कोमट करून आणलं. नाना स्वतः लावू लागला. त्याच्या खरखरीत बोटांनी माझा जीव जात होता, पण मी पाय मागे घेतला नाही.

"आते ह्या आठेच ऱ्हातीन," नाना म्हणाला. "माले चावत नहीत तोपावत तुले देवाव नही. मंग वरीस लागू दे का दोन."

मी मान हलवली. जास्त बोललो असतो तर चेहऱ्यावर दिसलं असतं. निघताना त्याने माझ्या पायांना फडकी बांधली, वर स्वतःच्या टायरच्या चपला चढवल्या आणि बैलगाडीने फाट्यावर सोडलं. त्यामुळे पळाट्यांतले बूट काढता आले नाहीत. पण गाडी हाकणाऱ्या नानाच्या पायांत करडे हलके बूट होते, आणि दुसरं काही घालायला त्याच्याकडे आता नव्हतंच. धुळ्याच्या स्टँडवर टायरच्या चपला फटफट वाजवत मी असा उतरलो, की जणू मीच काहीतरी मोठं काम करून आलोय. घरी प्रमिलाला सगळं सांगितलं. ती प्रथमच माझ्या एखाद्या मूर्खपणावर काही बोलली नाही.

चिंधाकडून निरोप येत राहिले. आजून चावना नहीत. मी ते ऐकून ऑफिसात दिवसभर खुशीत असे. एवढं बेमालूम खोटं मी नानाशी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि त्याला काही कळलं नाही याचं मला कौतुक वाटत होतं. माझं स्वतःचं.

पोळ्याला गावी गेलो. बैलांच्या शिंगांना रंग लागला होता, अंगणात पुरणाचा वास. नाना गोठ्यातून बाहेर आला, सरळ पावलं टाकत. नैवेद्य झाल्यावर त्याने आतून एक गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"पुना, हाई लेई जा."

मी गाठ सोडली. आत रखवालदाराचे काळे बूट होते. तेलाने चकाकत होते. मी वरचं कातडं दाबलं तर ते चपातीसारखं वाकलं.

"पयाट्यासमा सापडनात, भागाले," नाना म्हणाला. "बठ्ठा गावले इचारं, कोन्हा शेत? कोन्ही सांगं नही. मंग नंबर देखा. आठ."

मला वर पाहता येईना, म्हणून मी खाली पाहिलं. नाना पोळ्यासाठी अनवाणी होता. त्याच्या दोन्ही टाचांवर, लग्नाच्या खुणांच्या जरा वर, दोन नव्या गुलाबी खुणा होत्या.

"भलता चावनात रे," तो म्हणाला. "पंधरा दिन लागनात. आते रुयनात. घाल."

वहिनी चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी विचारलं, "आनि त्या हलका?"

नाना बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सारखी करत होता. "त्या? त्या आजून चावत नहीत," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "चावनात तं देसू."

संध्याकाळी ते काळे बूट घालून मी फाट्याकडे निघालो. गाडी नको म्हणालो. चार किलोमीटर, खडीचा रस्ता, पायात मोजेही नव्हते. एकदा तरी चावतील म्हणून मी फाटा येईपर्यंत वाट पाहिली. ते कुठेच चावले नाहीत.